शस्त्रक्रिया न सुधारता मृत्युदर सुधारण्याची रीत

समजा उद्या भोपाळहून परिपत्रक आलं की, बायपास करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने वर्षाला किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतले किती रुग्ण दगावले, ते दर्शनी भागात लावावं. अजून असं काही आलेलं नाही, तेव्हा घाबरू नका. पण इंदूरला सर्वेक्षण म्हटलं की पहिल्या नंबराखेरीज काही पटत नाही, म्हणून इथल्या रुग्णालय संचालकांनी तयारी आत्तापासूनच ठेवावी. आयता अनुभव उपलब्ध आहे. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून बायपासची अशी माहिती गोळा केली आणि पुढे रुग्णालयवार जाहीर केली. एका वर्तमानपत्राने कोर्टात जाऊन १९९१ मध्ये सर्जनवार आकडेही मिळवले. तिथल्या मंडळींनी जे शोधून काढलं ते आपण फुकट वापरू शकतो.

आधी हिशेब समजून घ्या. जाहीर होणारा आकडा म्हणजे झालेले मृत्यू भागिले अपेक्षित मृत्यू, गुणिले राज्याची सरासरी. तुमच्याकडे २०० बायपास झाल्या आणि ६ जण गेले. रुग्णांच्या प्रकृतीवरून अपेक्षित मृत्यू ४ असतील तर गुणोत्तर १.५, म्हणजे पेपरात बातमी. त्याच २०० जणांच्या कागदांवरून अपेक्षित ८ निघाले तर ०.७५, म्हणजे पेपरात जाहिरात. गेलेले सहाच. ओटीत एक टाकासुद्धा वेगळा घालावा लागला नाही.

तर सुरुवात दारापासून. कचऱ्याचं स्रोतावरच वर्गीकरण करण्यात आपल्या शहराचा हात कोणी धरणार नाही, तीच शिस्त कॅज्युअल्टीत आणा. राजेंद्र नगरातले निवृत्त बँकवाले काका, वय ५८, सिगारेट नाही, रोज फिरायला जाणारे, हृदयाचं पंपिंग ६० टक्के: यांना लगेच बेड. झाबुआहून हार्ट अटॅकच्या तिसऱ्या दिवशी आलेला, रक्तदाब ८०, लघवी थांबलेली, पंपिंग २० टक्के: याच्या नातेवाइकांशी फार आपुलकीने बोला. "इथे होईल हो, पण अहमदाबादला जास्त चांगलं होईल." अहमदाबाद चारशे किलोमीटर आहे. वाटेत जे होईल ते कोणाच्याच यादीत येत नाही. पेनसिल्व्हेनियातही असंच पत्रक निघू लागल्यावर हृदयशल्यचिकित्सकांना विचारलं, तेव्हा ६३ टक्क्यांनी कबूल केलं की अतिगंभीर रुग्ण घ्यायला आता मन धजत नाही. हे १९९६ मध्ये छापून आलं. न्यूयॉर्कचे रुग्ण ओहायोतल्या क्लीव्हलँडला जाऊ लागले आणि ते इतर ठिकाणांहून येणाऱ्यांपेक्षा जास्त जोखमीचे होते, असंही तिथल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी मांडलं. त्यावर पुढे वाद झाला. वाद होऊ द्यावा, रुग्ण तोवर गेलेला असतो.

पण सगळेच जड रुग्ण परतवले तर खाटा रिकाम्या राहतात आणि ईएमआय थांबत नाहीत. म्हणून खरी मेहनत कागदावर करायची, आणि इथे घाई करू नका. युरोस्कोअर-२ चा, म्हणजे रुग्णाच्या माहितीवरून तो दगावण्याची जोखीम काढणारा फॉर्म पुढ्यात घ्या; जोखीम चढली की अपेक्षित मृत्यू चढतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती साफ करतं त्याचं माप, ८५ च्या वर असेल तर जोखीम वाढत नाही, ५० ते ८५ मध्ये वाढते, ५० च्या खाली आणखी. म्हणून रक्त अँजिओग्राफीच्या आधी काढू नका. डाय गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, रुग्ण जरा कोरडा असताना काढा, त्या वेळी रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे क्लिअरन्स उतरलेला असण्याची शक्यता जास्त. क्लिअरन्सच्या सूत्रात वजन गुणाकारात बसतं, वजन कमी तर क्लिअरन्स कमी, तेव्हा काट्यावर चढवताना चपला काढायला लावा. फुप्फुसाचा जुनाट आजार म्हणजे दीर्घकाळ चाललेला इन्हेलर किंवा स्टेरॉइड. 'दीर्घकाळ' कोणी मोजत नाही, भरतीच्या दिवशी दोन पफ द्या आणि खूण करा. इन्सुलिनवरचा मधुमेह हा वेगळा रकाना आहे. शस्त्रक्रियेआधी ड्रिप लागतेच, मग गोळ्यांवर असलेला माणूसही इन्सुलिनवर आलाच की! पंपिंग ५१ टक्के निघालं तर इको करणाऱ्याला पुन्हा एकदा बघायला सांगा, पन्नाशीवर उतरलं की जोखमीची एक पायरी मिळते. हालचालीची गंभीर मर्यादा असाही रकाना आहे, आणि लोकमान्य नगरातल्या कोणत्याही साठीच्या काकूंना गुडघ्याबद्दल विचारून पाहा.

सर्वांत कमी खर्चाची युक्ती तातडीची. शस्त्रक्रियेचा निर्णय झाल्यावर पुढचा कामाचा दिवस उजाडायच्या आत ती सुरू झाली तर ती 'इमर्जन्सी'. शुक्रवारी ठरलेल्या रुग्णाचा निर्णय कागदावर शनिवारी रात्री घ्या, रविवारी सकाळी करा. परफ्यूजनिस्टला, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्याला, रविवारचा भत्ता द्यावा लागेल, तेवढं सोसा.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या नोंदी पाहा. बायपासच्या रुग्णांत फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं प्रमाण १९८९ मध्ये ६.९ टक्के होतं, १९९१ मध्ये १७.४ झालं. हार्ट फेल्युअर १.७ वरून ७.६ वर. दोन वर्षांत अख्ख्या राज्याला धाप लागली, आणि मृत्युदर मात्र उतरला. काही जण म्हणतात की आधी नोंदी ढिसाळ होत्या, त्या नीट झाल्या. असेलही. तुम्हीही हेच म्हणा.

एवढं करूनही माणसं मरतातच. त्यासाठी मृत्यूची व्याख्या सोयीची निवडा. 'रुग्णालयातला मृत्यू' धरायचा असेल तर नवव्या दिवशी व्हेंटिलेटरवर असलेल्याच्या मुलाला बिलाचा आकडा सांगा आणि डामाचा कागद पुढे करा: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर. अम्बू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत घरी नेलेला माणूस तुमच्या वहीत जिवंत सुटलेला असतो. 'तीस दिवसांतला मृत्यू' धरायचा असेल तर उलट करा, एकतिसाव्या सूर्योदयापर्यंत तग धरवा. दोन्ही एकत्र मोजणारी व्याख्या अमेरिकेतली हृदयशल्यचिकित्सकांची संघटना वापरते, ती आपल्या हवामानाला मानवत नाही. फॉलो-अपचा फोन लागला नाही तर रुग्ण बरा आहे, कामात असेल. मोबाइल नंबर भरतीच्या खिडकीवर घाईतच लिहून घेतलेला बरा.

यादी फक्त निव्वळ बायपासची असेल, म्हणजे सोबत झडपेचं काम झालेले रुग्ण तीत धरत नसतील, तर जड रुग्णाच्या झडपेला सोबत एक रिंग घाला. क्रॉस-क्लॅम्पचा, म्हणजे महाधमनीला चिमटा लावून ठेवण्याचा वेळ वाढेल, हृदय तेवढं जास्त वेळ बंद राहील, पण रुग्ण यादीतून सुटेल. सर्जनवार आकडे मागितले तर वाईट केस जो नोकरी सोडून गेला त्याच्या नावावर.

लहान रुग्णालयांनी हे काहीच करू नये. ६० बायपास करा, नशीब असेल तर एकही मृत्यू होणार नाही, आणि पलासिया चौकात होर्डिंग लावा: 'शून्य मृत्युदर'. ६० पैकी शून्य म्हणजे खरा दर ५ टक्क्यांपर्यंतही असू शकतो. पण सिग्नलला थांबलेला माणूस विश्वासांतर, म्हणजे खरा दर कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, काढत बसत नाही.

एका गोष्टीपासून मात्र जपा. न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑल्बनीच्या सेंट पीटर्स रुग्णालयाने आपला आकडा वाईट आल्यावर कागद सोडून रुग्णांच्या फायली उघडल्या. नेहमीचे रुग्ण ठीक जात होते, मरत होते ते इमर्जन्सीवाले: १९९२ मध्ये ४२ पैकी ११. कारण असं निघालं की, शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या माणसाला घाईने टेबलावर घेत होते. मग त्यांनी जिथे शक्य तिथे आधी बलून पंप (हृदयाला मदत करणारा, महाधमनीत बसवायचा फुगा) टाकून, रक्तदाब सावरून, थोडं थांबून शस्त्रक्रिया सुरू केल्या. सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ, नर्स सगळ्यांना एका टेबलाशी बसावं लागलं. १९९३ मध्ये ५४ इमर्जन्सी, मृत्यू शून्य. यात ना फॉर्म बदलला, ना कोणाला दुसऱ्या गावी धाडलं, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने सगळी मेहनत वाया. शिवाय असं एकदा झालं की पुढच्या वर्षीही करावं लागतं.

तुमच्याकडे एखादा तरुण भूलतज्ज्ञ अशा फायली मागू लागला तर नाही म्हणू नका. त्याला गुणवत्ता समितीचा अध्यक्ष करा, गळ्यात बिल्ला द्या, आणि समितीची बैठक दर मंगळवारी सकाळी नऊला ठेवा, पहिली केस टेबलावर येते त्याच वेळेला.