सुबाभळीचे खुंट पुन्हा फुटले, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. सागाच्या प्लॉटमधल्या सुबाभळी तोडून आम्ही खुंटांना तणनाशक लावलं, तरी अडीच महिन्यांत निम्मे खुंट फुटले, औषधात पाणीच जास्त होतं आणि वर दोन साग पिवळे पडले, अशी तुमची तक्रार आहे. खुंट फुटले ही चूक आमची. पाण्याचा संशय मात्र बरोबर नाही.

डब्यातलं फिकट निळं मिश्रण बघून तो संशय आला असणार. तो निळा रंग कुठला खुंट लावून झाला हे कळावं म्हणून आम्हीच घालतो. आत ४१ टक्क्यांचं ग्लायफोसेट (हेच ते तणनाशक) आणि पाणी निम्मं-निम्मं होतं, आणि खुंटाला तेवढंच लागतं.

खरी गडबड वेळेत झाली. खुंट कापल्यावर पाच मिनिटांत, फार तर पंधरा मिनिटांत ब्रश फिरला पाहिजे. त्यानंतर कापलेला भाग सुकत जातो आणि औषध आत ओढलं जात नाही. तुमच्याकडे तोडणारे सकाळी पुढे गेले आणि ब्रशवाला दुपारी पोचला. त्यात जूनचा दुसरा आठवडा. पहिल्या पावसाने झाड पालवत असतं, रस मुळाकडून वर चढत असतो आणि औषध तर खाली जायला हवं. संध्याकाळी पाऊसही आला. तुम्हाला घाई होती, तरी ‘ऑक्टोबरपर्यंत थांबा’ असं आम्ही ठामपणे सांगायला हवं होतं.

आणखी एक. तुमच्या फोटोत बरेच खुंट गुडघ्याएवढे दिसतात. वाकायचा कंटाळा, दुसरं काय! जेवढा खुंट उंच तेवढे डोळे जास्त, म्हणजे फुटवेही जास्त. जमिनीपासून दोन-तीन इंचांवर आडवा, सपाट काप हवा. तिरका असेल तर औषध ओघळून जातं. भुसा आणि माती झाडून घ्यायची, कारण ग्लायफोसेट मातीला चिकटलं की निकामी होतं. मग सालीच्या आतला ओला थर आणि त्यालगतची दीड-दोन इंचांची कड ब्रशने ओली करायची, सालीची बाजूही. मधलं जून लाकूड रंगवून उपयोग नाही.

सागाचं म्हणाल तर फोटोतल्या एका झाडाच्या पानांची नुसती जाळी उरली आहे, शिरा तेवढ्या शाबूत. ते पावसाळ्यातल्या अळीचं काम. दुसऱ्याचा शेंडा पिवळा आहे, नवी पानं अरुंद आणि झुपक्याने आली आहेत. तो दोष आमचा. बांधालगतच्या सुबाभळीच्या रोपांवर पंपाने फवारताना (१५ लिटरला १५० मिली) नोझलवर तुषार अडवणारा हूड नव्हता आणि वाऱ्याने तुषार सागावर गेले. त्या झाडाला सध्या छाटू नका, पुढची पालवी बघू. यापुढे साग जवळ असेल तिथे पंप वापरणार नाही.

उरलेलं काम ऑक्टोबरअखेर, पाऊस थांबल्यावर, आमच्या खर्चाने करू. फुटलेले खुंट आणखी खाली कापायचे आणि करवतीमागोमाग ब्रश. तोवर फुटवे तोडू नका, पानं असली की औषध मुळापर्यंत नीट उतरतं. सुबाभूळ चिवट आहे. त्यातूनही पाच-सात खुंट फुटले तर पुढच्या वर्षी एक फेरी लागेल, ती धरूनच चला.

हिरवं दिसतं ते सगळं फुटवेच असतील असं नाही. सावली गेल्यावर मातीतलं जुनं बी उगवतं. उपटून बघा: बारीक सोटमुळासकट वर आलं तर ते रोप. ओल आहे तोवर वीतभर असतानाच हाताने काढून टाका, औषधाची गरज नाही. हे बी अजून काही वर्षं उगवत राहील आणि ती निंदणी आमच्या कामात धरलेली नव्हती. हे आधी सांगितलं नाही, तेही चुकलं.

शेजाऱ्यांनी सुचवलेलं मीठ खुंटात भरू नका, सागाच्या मुळांना ते भोवेल. दुकानातून ग्लायफोसेट आणून स्वतःही मारू नका. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता ठेवला आहे. आणि औषध लागलेला पाला शेळ्यांपुढे टाकू नका.

येण्याच्या आदल्या दिवशी फोन करू. या वेळी तोडणारा आणि ब्रशवाला एकत्रच येतील.