विक्याचा एक लाखाचा लॅपटॉप

"काहून बे, तू ॲप बनवून राहिला का?" मंग्यानं पहिल्याच फटक्यात विचारलं.

नागपूरच्या शंकरनगर चौकातल्या टपरीवर विक्या मोबाईल पुढे करून सगळ्यांना ॲपलचा लॅपटॉप, मॅकबुक एअर, दाखवत होता. 2025 च्या मार्चमध्ये आलं तेव्हा 99,900 चं, तेच. चेहरा असा, जणू पोरगी पसंत करून आला.

"एक्सेल, यूट्यूब, सोसायटीचा हिशोब," विक्या म्हणाला. "पण क्वालिटी म्हणून काही असते नं भाऊ! एकदा घेतलं की दहा वर्षं पाहणे नाही. अन् हप्त्यावर तर समजतबी नाही."

इथं मास्तर भडकले. त्यांनीही 2017 मध्ये असाच भारी लॅपटॉप घेतला होता, इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी लागते, अन् विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. "एक ओरखडा नाही माझ्या मशीनवर. कीबोर्ड टणटणीत. तरी विंडोज म्हणते, तुम्ही बाद!"

"रिटायर तर तुम्हीबी झाले मास्तर, चालूनच राहिले नं," मंग्या म्हणाला. मास्तर चहा सांडेपर्यंत हसले.

मंग्याचं बर्डीला रिपेअरिंगचं दुकान आहे. तो विकायला बसलेला नाही, उघडायला बसलेला आहे, म्हणून या विषयात मी त्याचंच ऐकतो. "विक्या, बाहेरचं ॲल्युमिनियम टिकते रे. आतली रॅम पाह्य, म्हंजे कामाची मेमरी. बोर्डालेच सोल्डर केली असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. कितीतरी वर्षं एअर 8 जीबीपासून सुरू होत होती. 2024 च्या ऑक्टोबरात त्याच भावात 16 देणं सुरू केलं. मंग सप्टेंबरात ज्यानं 8 वाली घेतली, त्यानं काय करावं? माझ्याकडे येतात असे लोक. मी हात जोडतो."

"मी 16 वाली घेईन."

"घे. पण यूट्यूबले कायले? साठ हजारात कामाचं मशीन येते. फक्त मागचे स्क्रू काढून रॅम वाढवता येते का, एसएसडी, म्हंजे फाइली साठवायची डिस्क, बदलता येते का, तेवढं विचारून घे. पतल्या महागड्या विंडोजवाल्यातबी आजकाल रॅम चिकटवलेलीच असते."

"पण बॅटरी—"

"बॅटरी एक नंबर. ते मी नाकारत नाही. पण तुझं मशीन टेबलावरून हलते का? अन् एअरले पंखाच नाही. कंपनीच सांगते, 35 डिग्रीपर्यंतच्या जागेत वापरा. मे महिन्यात आपल्याकडं 45 होते."

"मी एसीत बसीन."

"तो कोणत्या हप्त्यावर घेतं?"

खरं सांगायचं तर ही वस्तू राजूच्या कामाची. रोज वर्धा अप-डाऊन, पाठीवर ओझं, गाडीत चार्जिंगचा भरवसा नाही. 1.24 किलो वजन, 18 तास व्हिडिओ चालण्याचा कंपनीचा दावा; त्याच्या अर्धे तास मिळाले तरी चार्जर घरी राहील. अशा माणसानं लाख घातले तर ते वसूल होतात. मी हे म्हटलं तर राजू म्हणाला, "मले ऑफिसनं दिलाय बे. अडीच किलोचा. उशाले घेऊन झोपतो गाडीत."

"विक्याच्या कॅमेऱ्याचं काय झालं?" मास्तरांना मध्येच आठवलं.

झालं! डीएसएलआर. पावसाळाभर कपाटात पडून लेन्सला बुरशी लागलेला. अन् त्याआधी पेंचला नेला होता, कोणाला हात लावू दिला नव्हता, आणि वाघ रस्त्यावर आला तेव्हा याची बॅटरी घरी चार्जरला.

"अबे, म्हणूनच तर 18 तासवाली घेऊन राहिलो!" विक्या ओरडला.

"वाघ नव्हताच तो," राजू म्हणाला. "बिबट होता."

"वाघ होता!"

"फोटो दाखव."

मंग्याचा चहा नाकात गेला. मास्तर सायकलला धरून हसत होते. कोणाला बोलवेना, आणि विक्या त्यातच विचारत होता, "बरं, आकाशी घेऊ का काळा?"