माझी तुमान आणि आठवा हेन्री

आमच्या लंडनमध्ये ग्लोब नाट्यगृहात नाटक बघायचं म्हणजे आधी नदी ओलांडा. शहराच्या कारभाऱ्यांना नाटकवाल्यांचं तोंड बघवत नाही, म्हणून ग्लोब थाटलंय थेम्सच्या पलीकडे, अस्वलांवर कुत्री सोडतात त्या आखाड्याच्या शेजारी. पुलावरून चालत जावं, तर पलीकडच्या वेशीवर राजद्रोह्यांची मुंडकी टांगलेली. नावेने जावं, तर नावाडी भाड्यासाठी आपलंच मुंडकं मागतो.

२९ जून १६१३ ला सेंट पीटरचा सण होता आणि राजा आठव्या हेन्रीवरचं नवं नाटक लागलं होतं. "अहो, कधी नव्हे ती सुट्टी आहे, जाऊ या," बायको म्हणाली. मी कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेली कोरी तुमान मिरवायला जागा हवीच होती. निघालो.

दारात पेटी घेऊन माणूस उभा. एक पेनी टाकली की अंगणात उभं राहायचं. वर आभाळ, पायाखाली हेझलनटची टरफलं, आजूबाजूला लसणाचे उच्छ्वास. कमरेची थैली अलगद कापून नेणारे कलावंतही तिथेच जास्त. आणखी एक पेनी दिली की सज्जात बाक, तिसरी दिली की बुडाखाली गादी.

"पाऊस आला म्हणजे? डोक्यावर छप्पर हवं," बायको म्हणाली. गादीसकट दोघांचे सहा पेन्स गेले. कारागिराची जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी! छप्पर गवताचं होतं, हे तेव्हा खटकलं नाही.

वर मी एलची बाटली घेतली. एल म्हणजे आमची जवाची बिअर. बायकोने बघितलं आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं जास्त महागात पडतं.

दुपारचा लख्ख उजेड. आपल्याला नट दिसतात तसे नटांनाही आपण दिसतो, त्यामुळे डुलकीची सोय नाही. रंगमंचावर बाई चालत नाही, म्हणून मिसरूड फुटायच्या आत पोरांकडून राण्या उरकून घेतात. त्या दिवशीचं पोरगं झकास होतं. पण ही राणी राजाला चक्क कापडवाल्यांवरचे कर आणि बेकार झालेले विणकर यांवरून सुनवायला लागली. सुट्टीच्या दिवशी, पदरचे पैसे मोजून, मी परत दुकानातच! शेजारी बायको डोळे पुसत होती. घरी दुकानाचं गाऱ्हाणं मांडलं तर ही जांभई देते.

मग राजा कार्डिनलच्या, म्हणजे बड्या धर्मगुरूच्या, घरी मेजवानीला आला. राजा आला म्हणून तोफा उडाल्या आणि पेटता बोळा थेट गवतावर जाऊन पडला. धूर दिसला, पण राजाच्या थाटापुढे बघतंय कोण? मला तर वाटलं, काय देखावा उभा केलाय! धुराचा वेगळा पेनी मागितला नाही याचं कौतुकच वाटलं.

आग छपरावरून गोल फिरली तेव्हा कुठे लोक उठले. एवढा जमाव, आणि बाहेर पडायला अरुंद दारं दोन. त्या रेटारेटीत बायको किंचाळली, "अहो, तुमान!"

मला वाटलं, फाटली. मागे हात लावला, तर चटका.

तिने माझ्या हातातली बाटली हिसकावली आणि उरलेली सगळी एल माझ्यावर रिती केली. फस्स! तासाभरात ग्लोब जमीनदोस्त झालं, पण माणूस एकही दगावला नाही.

तीन दिवसांनी मुत्सद्दी सर हेन्री वॉटन साहेबांनी पुतणीच्या नवऱ्याला पत्रातून ही हकिकत कळवली म्हणे. एकाची तुमान पेटली आणि त्याने प्रसंगावधान राखून ती एलने विझवली, असं त्यात आहे. नाव नाही, ते एक बरं. "कुणाचं हो प्रसंगावधान?" हे बायको अजून अधूनमधून विचारते, विशेषतः पाहुणे असले की.

पुढच्या वर्षी ग्लोब पुन्हा उभं राहिलं, आता कौलारू. तरी मी म्हटलं, अंगणातच उभं राहू, भिजलो तर भिजलो. बायकोने मान डोलावली आणि स्वतःहून एलवाल्याला हाक मारली.

"दोन बाटल्या द्या. एक यांना प्यायला."