पैशासाठी मिनिटं मोजतो, मुलीसाठी का नाही?

पोस्ट मोठी आहे. घरात आठवी-नववीतलं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

मी नवी मुंबईत, ऐरोलीला राहते, गेली बावीस वर्षं दहावीपर्यंतचे क्लास घेते. गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेदहाला एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. "मॅडम, जरा खाली येता का? वर नको, सगळे ऐकतील." खाली गेले तर त्या गेटपाशी उभ्या. हातात छत्री मिटलेलीच, आणि त्या भिजत होत्या. मुलगी रिक्षात बसून होती, मान खाली. आईला विचारूनच हे लिहिते आहे, आणि मुलीची ओळख पटेल असं एकही वाक्य यात ठेवलेलं नाही.

इन्स्टाग्रामवर कुणीतरी दुसऱ्या शाळेतली मुलगी असल्याचं सांगून ओळख काढली. दीड महिना नुसत्या गप्पा. परीक्षेचं टेन्शन, आईशी झालेलं भांडण, सगळं ऐकून घेतलं. मग एक फोटो मागितला. तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी भाषा बदलली. आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. मुलीने तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. ते तीन दिवस ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसून भूमितीची प्रमेयं लिहीत होती, आणि मला काही म्हणता काही कळलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

घरात कळल्यावर आईने "ही घाण नको" म्हणून सगळं चॅट पुसून टाकलं. वडील फोन आपटायला निघाले होते. त्यांच्यावर मी रागावणार नाही, त्या क्षणी कुणीही आईबाप हेच करतील. पण थोरल्या भावाने त्याआधी एक शहाणपण केलं होतं, त्या प्रोफाइलची लिंक स्वतःला पाठवून ठेवली होती. नुसतं नाव नाही, लिंक. त्या माणसाने पहाटेपर्यंत खात्याचं नाव आणि फोटो दोन्ही बदललं. पुढचा सगळा तपास भावाच्या त्या एका मेसेजच्या आधारावर उभा राहिला.

त्याच रात्री आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. कुठल्या, ते लिहीत नाही. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे सायबरचं आहे, सकाळी तिकडे जा. सकाळी तिकडे गेलो तर सांगितलं, आधी तुमच्या हद्दीत गुन्हा नोंदवा. परत हद्दीत आलो. मारामारीत पकडून आणलेला एक माणूस बाकावर बसला होता, त्याच्या शेजारी चौदा वर्षांच्या मुलीला पावणेदोन तास बसवलं. तिने तीच हकीकत तीन वेळा सांगितली, एकदा टेबलाशी, एकदा आत, एकदा उभ्यानेच दारात. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज फुटेना. मी पुढची दोन वाक्यं बोलले.

हे असं होऊ नये म्हणून कायदा आहे, आणि चांगला आहे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि तेही गणवेश न घालता. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. आधी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा, मग तो योग्य ठाण्याकडे द्यायचा, हे २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही स्पष्ट आहे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलासोबत खटला संपेपर्यंत राहणारी सपोर्ट पर्सन समितीकडून मिळू शकते. यातलं आम्हाला त्या दिवशी कुणीही सांगितलं नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते. आमच्या मजल्यावरच्या काकांचे वीजबिलाच्या खोट्या मेसेजवरून ऐंशी हजार गेले होते. काकूंनी वीस मिनिटांत १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली. त्यातले बावन्न हजार वाटेतच अडकले आणि नंतर परत मिळाले. हे होऊ शकलं कारण २०२१ पासून या हेल्पलाइनला बँका आणि पेमेंट ॲप जोडलेले आहेत. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे लगेच खबर जाते, तिथून पुढे सरकले असतील तर पुढच्या खात्यात. केंद्रीय गृहखात्याच्या आयफोरसी, म्हणजे भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२४ मध्ये असं एक केंद्रही सुरू केलं जिथे बँकांची, टेलिकॉम कंपन्यांची आणि पोलिसांची माणसं एकाच ठिकाणी बसतात. पैसा पळतो, त्याच्यामागे आपणही पळायचं, हे आपल्या सरकारला पक्कं समजलेलं आहे.

मुलीचा फोटो पैशापेक्षा जोरात पळतो. पैसा एका वेळी एकाच खात्यात असतो, फोटोच्या तासाभरात शंभर प्रती होतात. तरी त्याच्यासाठी आपल्याकडे फॉर्म आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही तक्रार करता येते. मात्र नाव दिलं नाही तर पुढे तिचं काय झालं ते बघता येत नाही. या सोयीची गरज आहेच. पण रात्री पावणेदहाला, भिजलेल्या आईच्या हातात फॉर्म पुरत नाही.

वरच्या पातळीवर काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. या प्रकरणानंतर मी बरंच वाचलं, लोकांना विचारलं. अमेरिकी कंपन्यांना त्यांच्या प्लॅटफॉर्मवर मुलांच्या शोषणाची सामग्री आढळली की तिथल्या कायद्याने ती हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एनसीएमईसी या संस्थेला कळवावी लागते. २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने, एनसीआरबीने, त्या संस्थेशी करार केला, त्यामुळे भारतातल्या वापरकर्त्यांबद्दलच्या सूचना इथे येतात, मग राज्यांकडे जातात. महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलीस यंत्रणेने, अशाच कामासाठी २०२० मध्ये ऑपरेशन ब्लॅकफेस सुरू केलं. सीबीआयने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मुलांच्या ऑनलाइन शोषणासाठी स्वतंत्र युनिट काढलं, आणि २०२२ मध्ये आपण इंटरपोलच्या त्या डेटाबेसशी जोडले गेलो जिथे देशोदेशीचे तपासनीस फोटोतली भिंत, पडदा, विजेच्या प्लगचा आकार बघून मूल कुठल्या देशातलं असेल हे शोधतात. गुन्हेगाराच्या आधी मुलाला शोधायचं, अशी त्यांची पद्धत आहे. हे वाचताना मला भरून आलं होतं.

आणि महाराष्ट्र सायबरचं नवं मुख्यालय तर आमच्या शेजारी, महापेला आहे. ठाणे-बेलापूर रोडने जाताना दर वेळी मनात येतं, एवढी यंत्रणा इथे, आणि इथून काही किलोमीटरवर एक मुलगी बाकावर बसून "मला कुठे जायचं" विचारत होती. अमेरिकेतून निघालेली सूचना आपल्यापर्यंत पोचण्याची वाट आपण बांधली. ऐरोलीतली आई महापेपर्यंत कशी पोचेल, ती वाट बांधायची राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक महिला पीएसआय, म्हणजे उपनिरीक्षक, घरी आल्या. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी. आधी चहा घेतला, मुलीला म्हणाल्या, "तू काही चुकली नाहीस. चुकला तो. मी त्याच्यासाठी आलेय, तुझ्यासाठी नाही." मग फोन एरोप्लेन मोडवर टाकला, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घेतला, पाकिटात घालून सील केला आणि वडिलांची सही घेतली. भावाकडची लिंक दोनदा ताडून पाहिली. जेवणाच्या टेबलावर वहीत आकृती काढून त्यांनी मला जे समजावलं ते मी विसरणार नाही. कंपनीकडून आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि वेळ येते, पण ती वेळ बऱ्याचदा परदेशी घड्याळाची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. मोबाइल नेटवर एकाच आयपीमागे एका वेळी खूप ग्राहक असतात. त्यांतला नेमका ग्राहक ओळखायला लागणारा पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंत वेळ जुळली नाही तर भलत्याच माणसाच्या दारात पोलीस उभे राहतात. "साडेपाच तास मिळवायला विसरलं की केस गेली," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हातात किती प्रकरणं होती ते मी विचारलं नाही, पण त्या निघताना दोन फोन येऊन गेले. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. २००० च्या मूळ कायद्यात तर ही अट उपअधीक्षकाची होती, ती नंतर एक पायरी खाली आणली. ठाण्यात निरीक्षक असतात मोजके, आणि त्यांच्यामागे बंदोबस्त, गणपती, निवडणुका, खून, सगळं. मला वाटतं, रीतसर प्रशिक्षण दिलेल्या एपीआय, म्हणजे सहायक निरीक्षक, आणि पीएसआय यांना हा अधिकार द्यायला हवा. जिने साडेपाच तासांचं गणित मला टेबलावर समजावलं, तिच्या सहीवर हा तपास का चालू नये?

आणि माझं मुख्य मागणं हे. १९३० लावल्यावर पैशासारखाच मुलांच्या फोटोचाही पर्याय असावा, आणि तिथे फोन उचलणाऱ्या माणसाला त्याच क्षणी कंपनीला कळवता यावं. बँकांची माणसं जशी बसवली, तशी इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, स्नॅपचॅट, टेलिग्रामची बसवा. खात्याची माहिती जपून ठेवा, फोटो खाली उतरवा, या दोन सूचना पहिल्या तासात गेल्या पाहिजेत. गुन्हा नोंदवणं, हद्द, कागद, ते मागून होत राहील. २०२१ च्या आयटी नियमांत अशा तक्रारीवर २४ तासांत फोटो काढायची मुदत घातली होती, २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली, पण ती तक्रार कंपनीकडे कुणी करायची, हेच घरच्यांना ठाऊक नसतं.

आम्हाला माझ्या भाचीने सांगितलं. एनसीएमईसीची "टेक इट डाऊन" नावाची मोफत सोय आहे, अठरा वर्षांखालच्या फोटोंसाठी. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक आकडा बनतो, बोटाच्या ठशासारखा, आणि सामील झालेल्या कंपन्या त्या आकड्यावरून तो फोटो ओळखून अडवतात. पीएसआय मॅडमनी फोन सील करण्याआधी मुलीने स्वतः बसून ते केलं. चॅट गेलं होतं तरी फोटो गॅलरीत राहिला होता, म्हणून जमलं.

आईबापांना एवढंच सांगते, चॅट पुसू नका, फोन रीसेट करू नका. प्रोफाइलची लिंक जपा. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, पण मुलाचा तो फोटो पुरावा म्हणून नातेवाइकांना, सोसायटीच्या ग्रुपवर किंवा अगदी मला सुद्धा पाठवू नका. तो पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या ६७ब खाली गुन्हा आहे. असं साहित्य नुसतं जवळ बाळगणाऱ्याबद्दल सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये कडक निकाल दिला आहे. त्याच निकालात "चाइल्ड पोर्नोग्राफी" हा शब्द वापरू नका, ते शोषण आहे, तसंच म्हणा, असंही सांगितलं. पोलीस ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर १०९८ लावा. ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली.

माणूस सापडला, दुसऱ्या राज्यात. प्रकरण ठाण्याच्या विशेष न्यायालयात आहे म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. फोन प्रयोगशाळेत गेलाय, अहवाल यायचा आहे. मुलगी महिनाभराने क्लासला परत आली. आधी शेवटच्या बाकावर, दारापाशी. आता मधल्या रांगेत बसते.

वर लिहिलेल्या दोन मागण्यांचं पत्र मी पोलीस आयुक्तालयाला आणि गृहखात्याला रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे, पोच आली आहे. मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये कळवा, इनबॉक्समध्ये पाठवते. आपापल्या सोसायटीच्या, शाळेच्या पालक संघाच्या लेटरहेडवर पाठवा.