सायप्रनस (कॉमन कार्प) उपसला की महसीर वाढतो, हे खरं नाही

वाई-साताऱ्याकडच्या गळवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: धरणातला कार्प जाळी लावून उपसा, तो गेला की महसीर, शिंगाळा, मरळ हे नदीतले मूळचे मासे आपोआप वाढतील, आणि जाळं कार्पसाठी लावलेलं असल्यामुळे या माशांना धक्का लागत नाही. पुढे पाठवणाऱ्यांना नदीची कळकळ आहे, यात शंका नाही. पण मेसेज चुकीचा आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या उन्हाळ्यात कृष्णेवरच्या धोम धरणाच्या फुगवट्यात, अगदी वरच्या अंगाला, एक जण पहाटे रात्रीचं जाळं होडीत ओढत होता. सात-आठ सायप्रनस आले आणि त्यांच्यात एक महसीर, दीड-दोन किलोचा. सूत कल्ल्याच्या आत रुतलेलं, नखाएवढे खवले जाळ्याला चिकटलेले. सोडवून दहा मिनिटं पाण्यात धरला, पुढे-मागे हलवला, पण हात काढला की उलटा व्हायचा. तो माणूसही हळहळला. त्याला तरी काय बोलणार? आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, बसेल एवढ्या घेराचा मासा अडकतोच, मग तो कुठल्याही जातीचा असो. शिंगाळ्याला तर घेर बसायचीही गरज नाही, पंखांच्या करवती काट्यांनीच तो गुरफटतो. मरळ पिलांची राखण करतो. राखणारे जाळ्यात गेले की पिलांचा घोळका दुसऱ्या माशांच्या तोंडी पडतो.

आता उपसायचं म्हणजे नेमकं काय उपसायचं? कार्प हा काही एकच मासा नव्हे. कटला, रोहू, मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, म्हणून तर मच्छीमार संस्था दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, सोडतात. ते कमी करायचे असतील तर बीज सोडणं थांबवलं तरी पुरे. सायप्रनसचं उलट आहे. काठच्या बुडालेल्या गवतावर तो अंडी चिकटवतो आणि किलोभराच्या मादीची अंडी सहज लाखावर जातात. मोठे काढले की उरलेल्या पिलांना खाणं जास्त मिळतं, ती झपाट्याने वाढतात. दोन हंगाम उपसून थांबलात तर पुन्हा होतं तेवढंच. तो गाळ उकरून पाणी गढूळ करतो, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर लिहिलंय.

पण महसीर कमी झाला तो कार्पमुळेच, हे पटत नाही. हा वाहत्या पाण्याचा मासा, पावसाळ्यात वर चढून गोट्या-वाळूत अंडी घालणारा. आज कृष्णेत त्याच्या खालच्या बाजूला धोमची भिंत आणि वरच्या बाजूला बलकवडीची. खाली वाळू उपसलेली. सांगलीजवळ तर मार्च 2023 मध्ये नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता. तो काही कार्पमुळे पडला नव्हता. डोहात जिलेटिन फोडणारे वेगळेच, त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

जाळी बंद करा, असं मी म्हणत नाही. त्यावर घरं चालतात. पण नदी धरणात शिरते त्या तोंडाशी पावसाळ्यात जाळं नको, कारण महसीर तिथूनच वर चढतो. बारीक आसाचं तर कधीच नको. आणि रात्रभर पाण्यात ठेवण्याऐवजी दोन-तीन तासांनी जाळं पाहिलं तर अडकलेला महसीर जिवंत सोडता येतो.

त्या पहाटे होडीतल्या माणसाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मी न्हाई लावत तोंडाला. पण समद्यांनी पाळाय पायजे, न्हाईतर माझं एकट्याचंच पोट मारलं जाईल." त्याचं बरोबर आहे. जूनच्या आधी त्याच्या संस्थेच्या बैठकीत आम्ही दोघं मिळून हे मांडणार आहोत.