एका दुपारी घेतलेलं घर

सहज घर बघायला म्हणून गेलेलं जोडपं संध्याकाळी बुकिंगचं टोकन देऊन घरी आलं, की आपण त्यांना फार लवकर वेड्यात काढतो. "मोबाईल घ्यायचा तर महिनाभर किमती बघत बसतात, आणि घर मात्र एका दुपारीत?" हे वाक्य सध्या मी घरातच सारखं ऐकतेय. माझ्या भाचीने आणि तिच्या नवऱ्याने असंच घर घेतलंय. सगळे नातेवाईक त्यांची अक्कल काढतायत आणि मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी दोघांशी वेगवेगळं बोलले. भाची म्हणाली, "मावशी, त्याचा चेहरा इतका खुलला होता, की 'अजून दोन-तीन घरं बघू' असं माझ्या तोंडून निघेना." जावई म्हणाले, "ती बाल्कनीत उभी राहून पडद्यांचे रंग ठरवत होती. तेव्हा हप्त्याचा हिशोब काढला असता तर तिचा विरस झाला असता." घर दोघांनाही आवडलं होतं. पण त्याच दिवशी पैसे द्यावेत असं दोघांपैकी एकालाही वाटत नव्हतं! दोघंही समोरच्याचं मन राखत होते.

जेरी हार्वी नावाच्या अमेरिकन अध्यापकांनी १९७४ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. टेक्सासमधल्या कोलमन गावी, रणरणत्या दुपारी, घरातली माणसं निवांत बसलेली असताना हार्वींचे सासरे म्हणाले, "ॲबिलीनला जाऊन जेवून येऊ." प्रत्येकाने होकार दिला. एसी नसलेल्या गाडीतून, धुळीतून, त्रेपन्न मैल जाऊन तेवढंच परत आले. आल्यावर कळलं, की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा नव्हतं. बाकीचे कंटाळले असतील म्हणून त्यांनी सुचवलं होतं. हार्वींचं म्हणणं असं, की मतभेदांपेक्षा मनातलं, न बोललेलं एकमत सांभाळणं माणसांना जास्त अवघड जातं. पहिलं घर बघायला गेलेल्या जोडप्याला हे किती लागू पडतं! नवं नातं असतं, एकमेकांची स्वप्नं मोडायची नसतात, आणि समोर एजंट उभा असताना नवरा-बायकोला धड बोलताही येत नाही. शंका ज्याच्या मनात असते तोच गप्प बसतो. अशा घाईच्या मुळाशी हाव असते असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा प्रेमच असतं, आणि म्हणूनच ती घाई ओळखू येत नाही.

विकणाऱ्यांना मात्र ती चांगली ओळखता येते. सॅम्पल फ्लॅटमध्ये, म्हणजे दाखवण्यासाठी सजवलेल्या घरात, जागा मोठी वाटावी म्हणून अनेकदा आतल्या खोल्यांना दारंच नसतात, फर्निचर नेहमीपेक्षा थोडं लहान असतं, सगळे दिवे लावलेले असतात. "आणखी एक पार्टी बघून गेलीय", "हा रेट आजच्यापुरताच", ही वाक्यंही ठरलेली. बहुतेक जण ती ओळखतात, तरी पोटात गोळा येतोच, कारण हातातलं जाईल ही भीती समजुतीपेक्षा जास्त वेगाने धावते.

आणि किमतीचं काय होतं तेही सांगते. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच खरंखुरं घर, सगळ्यांना तीच माहिती, फक्त कागदावर छापलेली मागणीची किंमत वेगवेगळी. विद्यार्थ्यांचे आणि मुरलेल्या एजंटांचेही अंदाज त्या छापील आकड्याकडे ओढले गेले. त्यातल्या बहुतेक एजंटांनी तर त्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाल्याचं मान्यच केलं नाही. रोज घरं विकणाऱ्यांची ही गत, तर आयुष्यात पहिल्यांदा घर घेणारी दोन मुलं त्या आकड्याला बळी पडली यात नवल कसलं? त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

याचा अर्थ झटपट निर्णय नेहमीच चुकतो असा नाही. ज्यांनी बरीच घरं पाहिलीत, कागदपत्रं वकिलाकडून तपासून घेतलीत, ज्यांचा हप्त्याचा हिशोब पक्का आहे, त्यांनी दहा मिनिटांत "हेच" म्हटलं तर ती घाई नव्हेच. आयुष्यभर "अजून बघू" म्हणत राहणं हेही शहाणपण नाही. माझा आक्षेप आहे तो आवडणं आणि पैसे देणं यांच्यामध्ये एक रात्रसुद्धा न ठेवण्याला.

त्या एका रात्रीत काय दिसू शकतं? सगळ्यात आधी कर्ज. बँक जेवढं कर्ज मंजूर करते तेवढं आपल्याला झेपतं, असं धरून चालणारी जोडपी मी बरीच पाहिलीत. बँक तुमचा पगार बघते. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली, मूल झालं, कुणी आजारी पडलं, तर ते तुम्हालाच बघायचंय. समजा ९ टक्के व्याजाने २० वर्षांचं कर्ज घेतलं, तर पहिल्या हप्त्यातला सुमारे ८३ टक्के भाग निव्वळ व्याजात जातो. १० वर्षं न चुकता हप्ते भरूनही मुद्दलातले ७१ टक्के शिल्लक असतात! म्हणजे अर्धी मुदत संपते आणि अर्धं कर्ज अजून फार लांब असतं. व्याजदर बदलता असेल आणि सुरुवातीलाच तो १० टक्के झाला, तर तोच हप्ता ठेवून मुदत सहा वर्षांहून जास्त लांबते. हे बाल्कनीत उभं राहून कळत नाही. त्यासाठी घरी येऊन, दोघांनी शेजारी बसून कागदावर मांडावं लागतं.

दुसरं, रोजचा प्रवास. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. ज्यांचा कामाला जायचा प्रवास लांबचा, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी, असं त्यांना आढळलं. मोठं घर किंवा जास्त पगार त्या त्रासाची भरपाई करेल अशी अर्थशास्त्राची अपेक्षा होती, ती खरी ठरली नाही. म्हणून सुट्टीच्या दुपारी पाहिलेलं घर कामाच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावं, ऑफिसच्या वेळेला तिथून निघून बघावं.

ही मधली रात्र सगळीकडे जोडप्यांच्या शहाणपणावर सोडलेली नाही, याचा मला फार आधार वाटतो. फ्रान्समध्ये राहतं घर घेणाऱ्याला करार हातात पडल्यावर १० दिवस मिळतात, आणि तेवढ्यात कारण न देता माघार घेता येते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ३ जानेवारी २०२३ पासून कामकाजाचे ३ दिवस मिळतात, किमतीच्या पाव टक्का रक्कम भरून बाहेर पडता येतं. घाई हा माणसाचा स्वभाव आहे असं गृहीत धरून केलेले हे कायदे आहेत. असा कायदा प्रत्येक ठिकाणी हवा, असं माझं ठाम मत आहे. जिथे तो नाही तिथे जोडप्याने दार उघडण्याआधीच आपसात ठरवून टाकावं, की आज काहीही झालं तरी पैसे द्यायचे नाहीत. मग "थांबू या" म्हणायचा वाईटपणा दोघांपैकी कुणा एकाकडे येत नाही. आणि घरी आल्यावर दोघांनी आपापल्या शंका आधी वेगवेगळ्या लिहून काढाव्यात, नंतर एकमेकांना दाखवाव्यात. समोरासमोर बोलताना मन राखलं जातं, कागदावर तेवढं राखलं जात नाही.

भाचीच्या बाबतीत हे सगळं होऊन गेलंय. घर घेतलंय, कर्जही सुरू झालंय. तेव्हा आता तिला "का घेतलंस?" असं विचारून कुणाचाच फायदा नाही. त्यापेक्षा त्या दोघांसोबत बसून हिशोब करा. वरच्याच उदाहरणात दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला आणि तो मुद्दलात वळता केला, तर २० वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी फिटतं. सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्या जादा पैशांचा उपयोग सगळ्यात मोठा. ज्यांना मदत करायची ऐपत आहे त्या काका-मामांनी घरात ठेवायच्या वस्तू देण्याऐवजी त्या पहिल्या जादा हप्त्याला हातभार लावावा. मी माझा वाटा त्यांना कळवलाय.