बँड फुटतोय? कॅमेरा लावा!

एखादा जगप्रसिद्ध बँड मोडायच्या बेतात असल्याची कुणकुण लागली, तर वेळ दवडू नका. माहितीपटासाठी एवढा आयता माल पुन्हा मिळणार नाही. मात्र तो रीतसर नासवावा लागतो. या कामात दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांनी जानेवारी १९६९ मध्ये 'लेट इट बी' या माहितीपटासाठी बीटल्सवर, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या ब्रिटिश चौकडीवर, जो धडा घालून दिला, त्याच्या तोडीचं अजून कुणाला जमलेलं नाही. तेव्हा त्यांचाच कित्ता गिरवा.

आधी जागा. मंडळींना संध्याकाळी उशिरा जमून रात्री रेकॉर्डिंग करायची सवय आहे ना? मग त्यांना २ जानेवारीला, लंडनच्या ऐन थंडीत, भर सकाळी ट्विकनमच्या फिल्म स्टुडिओत बोलवा. जागा गोदामाएवढी हवी, छत उंच हवं, आवाज घुमायला हवा. मागच्या पांढऱ्या पडद्यावर लाल, हिरवे, जांभळे दिवे सोडा, म्हणजे झोपमोड झालेले चेहरे अधिकच आजारी दिसतील. प्रत्येक आवाज वेगळा टिपणारा मल्टिट्रॅक रेकॉर्डर चुकूनही आणू नका. एखादं गाणं झकास जमलंच, तर ते फक्त सिनेमाच्या मोनो, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळणाऱ्या, फितीवर राहावं. तबकडीवर घेण्याजोगं काही हाती लागता कामा नये.

हे सगळं कशासाठी चाललंय, हे ठरवू नका. टीव्हीचा कार्यक्रम म्हणा, मैफल म्हणा, नवी तबकडी म्हणा. महिन्याभरात नवीकोरी चौदा गाणी मागा, कारण त्यानंतर रिंगोला दुसऱ्या चित्रपटाच्या सेटवर हजर व्हायचं आहे. मैफल कुठे, हा प्रश्न रोज नव्याने काढा. लिबियातल्या रोमन रंगमंडलात मशाली पेटवून करू या, असा आग्रह धरा. रिंगो परदेशी यायला तयार नाही म्हणाला की बोटीची कल्पना काढा. चर्चा जितकी लांबेल, तितकी फिल्म भरते.

यंत्रसामग्री साधीच. १६ मिलिमीटरचे दोन कॅमेरे आणि नाग्रा कंपनीची दोन टेपरेकॉर्डर यंत्रं. नाग्राची एक फीत साधारण १६ मिनिटांत संपते, म्हणून एक संपायच्या आत दुसरी चालू करायची. कॅमेरा बंद पडला तरी आवाज टिपत राहायचा. अशाने महिन्याअखेर साठेक तासांचं चित्र आणि दीडशे तासांचा आवाज जमतो. म्हणजे निम्म्याहून जास्त बोलण्याला चित्रच नाही. अशा जागी मागून दिसणारी डोकी किंवा कपाने झाकलेले ओठ लावून वेळ मारून न्यायची. एक अडचण मात्र येईल. ही माणसं मूर्ख नाहीत. खासगी बोलायचं असलं की जॉन आणि जॉर्ज गिटार छेडत बसतात, आणि मोनो फितीवर शब्द तारांखाली गाडले जातात.

तो भाग सोडवू पुढे. सध्या जॉर्जकडे लक्ष द्या. बरोबर वर्षभरापूर्वी, जानेवारी १९६८ मध्ये, हाच गृहस्थ मुंबईत फोर्टातल्या एचएमव्ही स्टुडिओत होता. समोर हरिप्रसाद चौरसियांसारखे वादक, हा सांगेल ते वाजवणारे. आता त्याला कॅमेरामनांच्या देखत कुठे वाजव, कुठे वाजवू नको हे पॉलकडून ऐकायला लावा. ६ जानेवारीला तो म्हणेल, तू सांगशील ते वाजवतो, नको असेल तर वाजवतच नाही. १० तारखेला जेवणाच्या सुट्टीत तो बँड सोडून निघून जाईल. १३ तारखेला जॉन आणि पॉल उपाहारगृहात यावर बोलायला बसले की टेबलावरच्या फुलदाणीत मायक्रोफोन लपवा. हाती येईल तो बशा-काट्यांचा खणखणाट. शाबास, शिकताय.

इथून पुढे सावध राहा, कारण परिस्थिती सुधारायचा धोका आहे. २१ तारखेपासून मंडळी सॅव्हिल रोवरच्या त्यांच्याच कचेरीच्या तळघरात गेली. तिथे त्यांच्या पदरच्या 'जादूगार' तंत्रज्ञ अ‍ॅलेक्सने बनवलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र सुदैवाने कुचकामी निघालं होतं, पण त्यांचे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडून उसनी सामग्री आणून घोळ निस्तरला. २२ तारखेला अमेरिकन वादक बिली प्रेस्टन येऊन कीबोर्डवर बसला आणि सगळे पाहुणा आल्यासारखे नीट वागू लागले. ३० तारखेला तर ते गच्चीवर चढले आणि बेचाळीसेक मिनिटं मनापासून वाजवत राहिले! दहा कॅमेरे, त्यातला एक खालच्या स्वागतकक्षात दुतर्फी आरशामागे, आवाजाच्या तक्रारीवरून येणारे पोलीस टिपायला. वाऱ्याने मायक्रोफोन फुसफुसू लागले तर बायकांचे पायमोजे आणून त्यांवर चढवायचे. ही युक्ती खरोखर चालते. कडाक्यात जॉनच्या अंगात त्याची जोडीदार योको हिचा फरकोट, रिंगोच्या अंगात बायकोचा लाल रेनकोट. असा आनंद पडद्यावर आला तर तुमच्या शोकांतिकेचं काय होणार?

घाबरू नका, संकलन आहे. निर्माते तेच चौघे असल्याने जॉर्ज निघून गेला हे वगळावंच लागतं. म्हणजे बँड फुटण्यावरच्या चित्रपटात बँड फुटल्याचा प्रसंगच नाही. पॉल आणि जॉर्जची ६ तारखेची कुरबुर मात्र ठेवा. ७ तारखेला जॉनची वाट पाहता पाहता पॉल बास गिटार गिटारीसारखा खाजवत बसतो, समोर जॉर्ज जांभई देतो आणि बघता बघता 'गेट बॅक' हे गाणं आकाराला येतं. हा तुकडा फेकून द्या; गाणी जन्मताना दाखवायची नसतात. उरलेल्याची ऐंशी मिनिटं करा. १६ मिलिमीटरची फिल्म ३५ वर फुगवा, म्हणजे फिल्मवरचे दाणेही फुगतात, वरखाली चौकट कापली जाते आणि सगळं कळकट दिसतं. मग सर्वांत महत्त्वाचं: थांबा. १० एप्रिल १९७० ला पॉल वेगळा झाल्याची बातमी फुटू द्या आणि मे महिन्यात चित्रपट लावा. लंडनच्या खेळाला चौघांपैकी एकही फिरकला नाही. प्रेक्षक आपोआप प्रत्येक शांततेत घटस्फोट शोधतो. हे चित्रीकरण झाल्यावर या चौघांनी 'अ‍ॅबी रोड' नावाची आख्खी तबकडी केली, हे त्याला कशाला सांगायचं?

उरलेली रिळं जपून ठेवा. पन्नास वर्षांनी दिग्दर्शक पीटर जॅक्सन येतील. संगणकाला शिकवून ते गिटार वेगळी काढतील, बोलणं वेगळं काढतील, फुलदाणीतल्या संवादातून बशा उपसून टाकतील. २०२१ मध्ये त्याच रिळांतून जवळजवळ आठ तासांची 'गेट बॅक' ही हसरी मालिका निघाली. तीत योको पत्रं चाळत बसलेली दिसते, आणि पॉल स्वतःच म्हणतो की पन्नास वर्षांनी लोक हसतील, योको अ‍ॅम्प्लिफायरवर बसली म्हणून बँड फुटला म्हणे! मे २०२४ मध्ये जुना रडका चित्रपटही धुऊनपुसून परत आणला गेला. त्याच चौघांची ऐंशी मिनिटांची कटकट हवी की आठ तासांचा खेळीमेळीचा संसार, हे प्रेक्षकाने ठरवायचं. २०२४ मध्ये दोन्ही डिस्ने प्लसच्या एकाच वर्गणीत बघायला मिळाली.